रविवारची पायपीट : खड्डा कुठे गेला?



भारतातून पाहुणे आले की आपल्या सगळ्यांची यादी ठरलेली असते. सेंतोसा, प्राणिसंग्रहालय, बोटॅनिक गार्डन, मुस्तफा, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा मुस्तफा, कारण बॅगेत दोन किलोची जागा उरलेली असते. दुसऱ्यांदा आलेले आईवडील मात्र तिसऱ्या दिवशीच विचारतात, "हे झालं रे सगळं. तुम्ही साधं फिरायला कुठे जाता?" या सदरात आम्ही अशाच जागा सांगत असतो. तिकीट नसलेल्या, रांग नसलेल्या, आणि डबा घेऊन जाता येईल अशा.

या वेळची पायपीट बुकित गोंबाक आणि बुकित बातोक या शेजारच्या दोन भागांतली. दोन्हीकडे सुंदर बागा आहेत, आणि दोन्ही बागा एके काळच्या दगडाच्या खाणी आहेत. नुसतं पाहून परत यायचं असेल तर दोन तास पुरतात. आम्हाला जरा जास्त वेळ लागला. का लागला तेही पुढे सांगतो.

आधी जायचं कसं ते. एमआरटीच्या लाल मार्गावर बुकित गोंबाक स्टेशनला उतरा. तिथून दहा मिनिटांच्या आत चालत पोहोचता येतं. दोन्ही बाजूंना नेहमीसारख्या उंच इमारती, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, आणि मग एकदम समोर मोठं तळं. तळ्याच्या पलीकडे पाण्यातून सरळ वर चढलेला काळपट दगडी कडा. चीनमधल्या गुइलिन गावाजवळ असे सुळके नदीकाठी उभे आहेत, म्हणून या जागेला सगळे 'लिटल गुइलिन' म्हणतात. पाटीवरचं नाव बुकित बातोक टाउन पार्क. लग्न ठरलेली जोडपी इथे फोटो काढायला येतात. नवरीचा पांढरा झगा सांभाळत फोटोवाला आडवातिडवा होतो, ते बघण्यातही अर्धा तास छान जातो.

पण चीनमधल्या आणि इथल्या गुइलिनात एक फरक आहे. तिथले डोंगर चुनखडीचे. लाखो वर्षांच्या पावसाने ती विरघळत गेली आणि सुळके उरले. इथला कडा पावसाने घडवलेला नाही, तो सुरुंगाने घडवला आहे. इथे गॅमन क्वारी नावाची दगडखाण होती. डोंगर फोडून फोडून दगड नेला आणि खड्डा पडला. खाण बंद झाल्यावर हा खड्डा बुजवून त्यावरून रस्ता न्यायचा असा एचडीबीचा विचार होता. पण तोवर खड्ड्यात पाणी साठून जागा इतकी देखणी झाली होती, की १९८०च्या दशकात तो विचार सोडून दिला आणि भोवती बाग केली. सरकारी नकाशावरचा रस्ता एका खड्ड्याच्या रूपामुळे वळला, अशी उदाहरणं कुठेही फारशी नसतात.

पाणी कुठून आलं, असं मुलं विचारतातच. खाण चालू असते तेव्हा तळाशी झिरपणारं पाणी पंपाने सतत उपसावं लागतं. काम थांबलं की पंप थांबतो, आणि जमिनीतलं पाणी व पाऊस मिळून खड्डा भरून काढतात. सिंगापुरात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे जवळजवळ मुंबईइतकाच, फक्त चार महिन्यांऐवजी बारा महिन्यांत वाटलेला. त्यामुळे खड्डा भरायला वेळ लागत नाही.

दगडाबद्दलही एक गंमत. इथे सगळे सरसकट ग्रॅनाइट म्हणतात, आणि बुकित तिमाह टेकडीचा दगड ग्रॅनाइटच आहे. गोंबाकचा हा गडद दगड मात्र गॅब्रो जातीचा. गॅब्रो म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा, सख्खा भाऊ. दोघांचं रसायन जवळपास एकच. आपल्याकडचा लाव्हा जमिनीवर पसरला आणि लवकर थंड झाला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. हा जमिनीखाली खोल राहून सावकाश थंड झाला, म्हणून त्यात कण दिसतात. रायगडावर वाढलेल्या माणसाला इथला कडा ओळखीचा वाटला तर ती नुसती घरची आठवण नसते, त्याला थोडा भूगर्भशास्त्राचाही आधार आहे.

आता आम्हाला जास्त वेळ का लागला ते.

आम्ही चार घरची मंडळी मिळून गेलो होतो. एका घरी सातारा जिल्ह्यातून आजी आल्या होत्या. आम्ही सगळे "काय सुंदर तळं आहे!" म्हणत फोटो काढत होतो. आजी कठड्यापाशी उभ्या राहिल्या, दोन मिनिटं समोर बघितलं आणि म्हणाल्या, "हे तळं न्हाई. ही खाण हाय." आम्ही कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि पाटी इंग्रजीत होती. सूनबाईंनी विचारलं, "आई, तुम्हाला कसं कळलं?" तर आजी म्हणाल्या, "तळ्याला उतार असतो. गुरं पाण्यात उतरत्यात, बाया धुणं धुत्यात. हितं काठालाच पाणी काळं दिसतंय. म्हंजे पहिल्या पावलालाच खोल. पोरास्नी लांब ठेवा."

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. गावाबाहेर रस्त्यासाठी खोदलेली खाण होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं पोहायला जात. एका मे महिन्यात एक मुलगा वर आलाच नाही. खाणीची कड विहिरीसारखी सरळ असते, धरायला काही नसतं, आणि पायऱ्या कोणी बांधलेल्या नसतात. त्यानंतरही ती खाण तशीच उघडी राहिली. कुंपण नाही, पाटी नाही.

आणि मग आजींनी जे सांगितलं ते त्यांच्या नातवालाही माहीत नव्हतं. १९७२च्या दुष्काळात त्या विशीच्या होत्या. दुष्काळी कामावर त्यांनी आणि त्यांच्या सासूबाईंनी खडी फोडली. डोंगरातून काढलेला डबर समोर टाकलेला, हातात हातोडा, डोक्यावर पदर. मोजमाप ब्रासवर, आणि ब्रास भरल्याशिवाय मुकादम हजेरी लावत नसे. दगडाची कपची उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून अर्धवट डोळे मिटून फोडायचं. खायला सुकडी आणि लाल मिलो. "आमी केलेल्या रस्त्यावरनं यष्टी जाती अजून," आजी म्हणाल्या. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. कोणी शेतातलं पीक दाखवावं तसं सांगितलं. नातू म्हणाला, "आजी, हे कधी बोलली नाहीस?" त्यावर उत्तर आलं, "कुणी इचारलं न्हाई."

मंडळी, त्यानंतर आमच्यापैकी कोणी त्या कड्याकडे पहिल्यासारखं बघितलं नाही. समोरच्या दगडावरच्या खुणा दिसायला लागल्या. सुरुंगाची भोकं कुठे पाडली असतील, कडा टप्प्याटप्प्याने कसा कापत नेला असेल, माणसं उभी कुठे राहत असतील. हा डोंगर कोणी फोडला आणि तो गेला कुठे, असे दोन प्रश्न घेऊन आम्ही पुढे निघालो.

तिथून बसने बुकित बातोक नेचर पार्कला गेलो. ही बाग जुन्या दगडखाणीच्या जागेवर १९८८ साली झाली. सुमारे ३६ हेक्टर, भरपूर झाडी, चढउताराच्या वाटा, आणि एका टोकाला खाणीचं पाणी व वर दगडी भिंत. मलायमध्ये 'बातुक' म्हणजे खोकला. खाणीतल्या सुरुंगांचा आवाज टेकडी खोकल्यासारखा येई म्हणून हे नाव पडलं, अशी एक गोष्ट सांगतात. आणखीही गोष्टी आहेत, पण मुलांना हीच आवडते.

या बागेत १२० पायऱ्यांचा एक जिना आहे. वर देऊळ असेल म्हणून आमच्यातले दोघे भाविकपणे चढून गेले. वर प्रक्षेपणाचा मनोरा आहे. १९४२ साली जपानी सैन्याने इथे आपल्या मृत सैनिकांचं स्मारक उभारलं आणि ते बांधायला ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांना राबवलं. स्मारक १९४५ मध्ये गेलं, पायऱ्या आणि खालचे दोन खांब राहिले.

वाटेवरची झाडं जरा लक्ष देऊन बघा. उघड्या पडलेल्या, माती खरवडून नेलेल्या जमिनीवर पहिल्यांदा कोण येतं, तर रेसाम नावाचं नेचं आणि सिंपो आयेर. सिंपो आयेरचं मोठं पान आणि पिवळं फूल इथे सगळीकडे दिसतं. ते आपल्या करमळाच्या कुळातलं. त्याच्या पानात इथले लोक पूर्वी तेंपे बांधत, आपण पळसाच्या पानाची पत्रावळ करतो तसं. पुढे भराभर वाढणारी अल्बिझियाची उंच झाडं येतात, त्यांच्या सावलीत बाकीची. नशीब असेल तर पिवळसर डोक्याच्या मोठ्या बुलबुलाची शीळ ऐकू येते. हा पक्षी त्याच्या गळ्यासाठी पिंजऱ्यात धरून धरून इंडोनेशियातून जवळजवळ नाहीसा झाला. या खाणीवरच्या रानात तो अजून मोकळा गातो.

आता आमचा पहिला प्रश्न, दगड कोणी फोडला?

विसाव्या शतकातले कामगार बहुतेक चिनी आणि मलाय. पण त्याही आधीची एक गोष्ट आपल्याला जवळची आहे. चांगीच्या समोर उबिन बेट आहे. तिथल्या ग्रॅनाइटवर हॉर्सबर्ग दीपगृह १८५१ साली उभं राहिलं. पुढे जोहोरला जोडणाऱ्या कॉजवेलाही तिथलाच दगड गेला, आणि तो कॉजवे १९२४ साली रीतसर खुला झाला. त्या एकोणिसाव्या शतकात सिंगापूरचे रस्ते, पूल, सेंट अँड्र्यूज चर्च, आजची इस्ताना, या सगळ्यांवर भारतातून शिक्षा होऊन आलेले कैदी राबत होते. १८२५ पासून ते येऊ लागले आणि १८७३ मध्ये ही पद्धत बंद झाली. ते बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतले होते. मुंबई इलाखा म्हटल्यावर त्यांत आपली भाषा बोलणारे असणारच. आपल्याला इथे यायला नोकरीचा पास मिळाला, त्यांना काळ्या पाण्याचा मिळाला होता. सिंगापुरातले पहिले मराठी आपणच, असं मंडळाच्या कार्यक्रमात कोणी छाती फुगवून म्हणालं तर त्याला हळूच ही आठवण द्यावी.

दुसरा प्रश्न, डोंगर गेला कुठे? याचं उत्तर सोपं आहे. आपण त्यात राहतो. १९६० साली एचडीबी स्थापन झाली आणि सगळं बेट काँक्रीटने उभं राहिलं. काँक्रीटमध्ये सिमेंट थोडं, खडी आणि वाळूच जास्त. बुकित तिमाहभोवतीचे, गोंबाकचे, उबिनचे डोंगर त्या खडीत गेले. मग शहर डोंगराजवळ आलं, सुरुंगाचे आवाज आणि धूळ लोकांच्या खिडकीपर्यंत पोहोचली, आणि खाणी एकेक करून बंद झाल्या. उबिनवरची शेवटची खाण १९९९ साली थांबली. त्यांतल्या कितीतरी जागा आज बागा आहेत. बुकित तिमाहच्या पायथ्याचा हिंधेडे नेचर पार्क २००१ चा, सिंगापूर क्वारीचं पाणी पोटात घेतलेला डेअरी फार्म नेचर पार्क २००९ चा, आणि सिन सेंग क्वारीच्या जागी पाणथळ केलेला रायफल रेंज नेचर पार्क २०२२ चा. बुकित तिमाहचं जुनं रान मधे आणि त्याभोवती या बागांचं कडं, अशी ही योजना आहे. लोकांची वर्दळ बाहेरच्या बागांत वाटली जाते आणि आतलं रान वाचतं.

हे सगळं ऐकून आमच्यातले एक इंजिनियर म्हणाले, "खाणी बंद झाल्या, पण इमारती कुठे बंद झाल्या? मग खडी येते कुठून?"

खरा मुद्दा तो आहे. खडी बाहेरून येऊ लागली. हार्बरफ्रंटहून बोटीने जाता येतं त्या इंडोनेशियाच्या करिमून बेटावर ग्रॅनाइटच्या मोठ्या खाणी आहेत, आणि तिथला दगड वर्षानुवर्षं सिंगापूरला येत आला आहे. २००७ साली इंडोनेशियाने वाळूची निर्यात बंद केली, दगडाचे पडावही अडकले, आणि इथल्या बांधकामांना तेव्हा चांगलीच झळ बसली. म्हणजे आपल्या इथला खड्डा बुजला नाही, त्याने जागा बदलली. इथे तळं झालं आणि दुसऱ्या कोणाचा तरी डोंगर कापायला सुरुवात झाली.

हे फक्त सिंगापूरचं नाही. मुंबईत माहीमच्या खाडीकाठी, धारावीला लागून, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकर. एके काळी तिथे शहराचा कचरा टाकत. तो बंद करून कचऱ्याच्या थरावर माती घातली, झाडं लावली आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज तिथे फुलपाखरं मोजायला शाळेची मुलं येतात. मोठं काम झालं यात शंका नाही. पण मुंबईने कचरा करणं थांबवलं नाही. तो देवनारला जात राहिला, जिथे १९२७ पासून तो पडतोच आहे. इथेही तेच. लोरोंग हालुसची कचराभूमी १९९९ मध्ये बंद झाली, पुढे २०११ साली तिथे सुंदर पाणथळ बाग झाली, आणि कचरा जाऊ लागला समुद्रातल्या सेमाकाऊ बेटावर.

आम्ही बागेच्या विरुद्ध बोलतो आहोत असं कृपया समजू नये. आजींच्या गावची खाण आणि इथली खाण यांत काय फरक आहे ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. इथे काम संपल्यावर कोणीतरी कठडा बांधला, कड्याचे सुटे दगड पाहिले, पाटी लावली, बाक ठेवला. तिथे काम संपलं, ठेकेदार गेला आणि खड्डा गावाच्या पोरांना ठेवून गेला. आपल्याकडे वडार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडला, गावोगावी देवळं, घाट आणि धरणं उभी केली, पण खाण संपल्यावर त्या जागेचं आणि त्या माणसांचं काय, हे विचारणारे थोडेच निघाले. जिथे विचारलं गेलं तिथे फरक पडला. जमिनीचा वापर झाला म्हणजे ती टाकून द्यायची, हे काही निसर्गाने घातलेलं बंधन नाही. पण बाग झाली म्हणजे हिशेब मिटला, हेही खरं नाही. आपण घरात नवीन फरशी बसवतो, जुनी चांगली असताना स्वयंपाकघराचा ओटा फोडतो, तेव्हा कुठेतरी एक ब्रास जास्त फुटतो. एवढं लक्षात आलं तरी पायपीट कारणी लागली असं आम्ही म्हणू.

आता नेहमीच्या सूचना. सकाळी आठच्या आत पोहोचा, दहानंतर ऊन सोसत नाही. पाण्याच्या बाटल्या आणि डासांचं मलम हवंच. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, सुक्या बटाट्याची भाजी आणि कोरडी भेळ नेली होती. मात्र डबा उघडण्याआधी इकडेतिकडे बघा. बुकित बातोकच्या बागेत माकडं आहेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज त्यांना आपल्या मुलांआधी कळतो. त्यांना खायला घालू नका. २०२० पासून कायदा कडक झाला आहे, आणि पहिल्याच वेळी पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तेवढ्यात चौघांचं मुंबईचं जाणं-येणं होतं. कठडे ओलांडू नका, पाण्यात उतरू नका. ते का, हे आजींनी सांगितलंच आहे.

आणि एक विनंती. आपल्या घरी कोणी खाणीवर, धरणाच्या कामावर, रेल्वेच्या रुळांवर किंवा बहात्तरच्या दुष्काळी कामावर गेलेलं असेल, तर त्यांना या आठवड्यात फोनवर विचारा आणि जे सांगतील ते आमच्याकडे लिहून पाठवा. एक पान, दोन पानं, कितीही. हाताने लिहिलेलं चालेल, बोलीत असेल तर तसंच ठेवा, शुद्धलेखन आम्ही तपासणार नाही. आलेलं सगळं पुढच्या अंकांत क्रमाने छापू.

पुढची पायपीट उबिन बेटावर. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून छोटी बोट जाते आणि बारा माणसं जमली की सुटते, तेव्हा एकटेदुकटे येऊ नका. पेकान क्वारीच्या पाण्यावरचे बगळे आपण मिळून मोजू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पायपीटवाले